डावे आणि राष्ट्रवादी एकत्र येतात, तेव्हा कोणता प्रश्न बाजूला ठेवतात?

या भागात आपण ग्रीसबद्दल भरपूर बोललो आणि सिंगापूरपर्यंत पोचेपर्यंत वेळ संपला. म्हणून हा लेख.

आधी एक खुलासा. मराठीत 'राष्ट्रवादी' म्हटलं की घड्याळ आठवतं. इथे तो अर्थ नाही. आपला देश, आपली भाषा, आपली सीमा हा ज्यांच्या राजकारणाचा पहिला मुद्दा असतो, ते राष्ट्रवादी. आणि कामगार, मजुरी, भाकरी हा ज्यांचा पहिला मुद्दा, ते डावे. दोघांचं एरवी फारसं पटत नाही. तरीही ते अधूनमधून हातमिळवणी करतात. मग होतं काय?

ग्रीसची उजळणी थोडक्यात करू. २०१० पासून त्या देशाला कर्ज हवं होतं आणि कर्जाची अट होती ऑस्टेरिटी, म्हणजे सक्तीची सरकारी काटकसर. पगार कापा, पेन्शन कापा, दवाखान्यांवरचा खर्च कमी करा, कर वाढवा. जानेवारी २०१५ मध्ये डाव्या सिरिझाला ३०० पैकी १४९ जागा मिळाल्या, बहुमताला दोन कमी. त्यांनी हात धरला तो १३ जागांच्या 'स्वतंत्र ग्रीक' या उजव्या राष्ट्रवादी पक्षाचा. स्थलांतरितांपासून चर्चपर्यंत दोघांचं जमत नव्हतं, पण सावकारांच्या अटी दोघांनाही नको होत्या. जुलैच्या सार्वमतात ६१ टक्के लोकांनी अटी फेटाळल्या आणि ऑगस्टमध्ये त्याच सरकारनं तिसरा कर्जकरार केला. गंमत पुढेच आहे. ज्या मुद्द्यावर युती झाली होती त्यावर माघार घेऊनही युती तुटली नाही. ती तुटली जानेवारी २०१९ मध्ये, शेजारच्या देशाला 'उत्तर मॅसिडोनिया' हे नाव मान्य करायचं की नाही यावर. पैशानं जोडलेली माणसं राष्ट्राच्या प्रश्नावर वेगळी झाली.

आता सिंगापूर. इथे आज सत्तेत असलेला पीपल्स अ‍ॅक्शन पार्टी, म्हणजे पीएपी हा पक्ष अशाच युतीतून जन्मला, हे इथे कित्येक वर्षं राहणाऱ्यांनाही पटकन आठवत नाही. २१ नोव्हेंबर १९५४ ला व्हिक्टोरिया मेमोरियल हॉलमध्ये पक्षाची स्थापना झाली. एका बाजूला इंग्रजी शिकलेले, इंग्लंडहून परतलेले राष्ट्रवादी: ली क्वान यू, गो केंग स्वी, तो चिन चाय. दुसऱ्या बाजूला चिनी शाळांतून आलेले, कामगार संघटना चालवणारे डावे: लिम चिन सिओंग, फोंग स्वी सुआन. लिम तेव्हा जेमतेम एकविशीचा होता आणि होक्कियन भाषेत बोलायला लागला की हजारो माणसं थांबून ऐकत.

त्यांना एकमेकांची गरज का होती? ली यांचं नाव झालं ते १९५२ च्या पोस्टमनांच्या पगारवाढीच्या संपात, संघटनेचे कायदेशीर सल्लागार म्हणून. पण बसचे कंडक्टर आणि कारखान्यातले मजूर यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलणारी माणसं त्यांच्याकडे नव्हती. डाव्यांकडे माणसं होती, पण त्यांच्यावर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का मारून ब्रिटिश त्यांना केव्हाही उचलू शकत होते. त्यांना कायदेशीर छत्र हवं होतं. त्यात मतदारांचं गणितही बदलत गेलं. १९५५ मध्ये नोंदलेले मतदार सुमारे ३ लाख होते. १९५७ च्या नागरिकत्व कायद्यानं चीनमध्ये जन्मलेल्या अनेकांना नागरिक होता आलं. १९५९ ला मतदान सक्तीचं झालं आणि मतदार ६ लाखांच्या जवळ गेले. त्या निवडणुकीत पीएपीनं ५१ पैकी ४३ जागा जिंकल्या. तुरुंगातले डावे सहकारी सुटेपर्यंत आपण सत्ता हाती घेणार नाही, असं ली यांनी जाहीर केलं. ते सुटले आणि मग शपथविधी झाला.

इथे काटकसरीचा मुद्दा येतो, पण उलट्या बाजूनं. या सरकारच्या सुरुवातीच्या निर्णयांपैकी एक म्हणजे वरच्या पगाराच्या सरकारी नोकरांच्या भत्त्यांत कपात. अर्थमंत्री होते गो केंग स्वी. त्यांच्याच खात्यात लिम चिन सिओंग राजकीय सचिव म्हणून बसले. म्हणजे डाव्या-राष्ट्रवादी सरकारनं स्वतःच काटकसर केली, फक्त ती इंग्रजी शिकलेल्या बाबूलोकांच्या खिशातून. मजुराच्या ताटाला हात लागला नाही. त्यामुळे 'काटकसरीच्या विरोधात' असं कोणी म्हणालं, की मी लगेच विचारते: कुणाच्या खिशातल्या काटकसरीच्या? १९६१ मध्ये दोन पोटनिवडणुका हरल्यावर सरकारला मध्यमवर्गाची आठवण झाली आणि हे भत्ते परतही मिळाले.

युती तुटली ती मात्र भत्त्यांवरून नव्हे. मे १९६१ मध्ये मलायाचे पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान यांनी मलाया, सिंगापूर आणि बोर्निओचे प्रदेश जोडण्याची कल्पना जाहीरपणे मांडली. ली गटाला विलीनीकरण हवं होतं. मलायाशिवाय या बेटाला ना बाजारपेठ ना भविष्य, असं त्यांचं म्हणणं. डाव्यांना या अटींवरचं विलीनीकरण नको होतं, कारण अंतर्गत सुरक्षा क्वालालंपूरच्या हातात गेली की आपली जागा तुरुंगात, हे त्यांना दिसत होतं. राजकीय कैद्यांच्या सुटकेचा वादही धुमसत होताच. २१ जुलै १९६१ च्या विश्वासठरावावर २७ मतं बाजूनं, ८ विरोधात पडली आणि १६ जण तटस्थ राहिले. त्या तटस्थांत पीएपीचेच १३ आमदार होते. त्यांनी बारिसान सोशालिस काढला आणि पक्षाच्या बहुतेक शाखा त्यांच्यामागे गेल्या.

माणसं डाव्यांकडे गेली. चावी नाही गेली. पक्षाचं नेतृत्व निवडायचा हक्क फक्त निवडक 'केडर' सदस्यांना, ही व्यवस्था ली गटानं आधीच करून ठेवली होती. आणि अंतर्गत सुरक्षा परिषदेत ब्रिटनचे तीन, सिंगापूरचे तीन आणि मलायाचा एक असे सदस्य होते. २ फेब्रुवारी १९६३ च्या 'ऑपरेशन कोल्डस्टोअर'मध्ये शंभराहून जास्त लोकांना खटल्याविना अटक झाली. लिम त्यात होते. ते १९६९ मध्ये सुटले आणि लंडनला गेले. ही माणसं खरंच देश उलथवायला निघाली होती, की निवडणुकीतले प्रतिस्पर्धी म्हणून बाजूला काढली गेली, यावर इतिहासकार आजही भांडतात. पण बारिसानचे चिया थाय पो यांना १९६६ मध्ये पकडलं आणि त्यांच्यावरचे शेवटचे निर्बंध १९९८ मध्ये उठले, यावर वाद नाही. बत्तीस वर्षं, खटल्याविना.

हे सगळं वाचताना मला आपल्या आजोबा-आजींची पिढी आठवत राहते. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. तिच्यात कम्युनिस्ट डांगे, समाजवादी एस. एम. जोशी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे सगळे एका व्यासपीठावर. प्रश्न भाषेचा होता, पण मुंबईत त्याला पोटाची बाजूही होती: गिरणीत राबणारा बहुतांशी मराठी आणि गिरणीचा मालक बहुतांशी अमराठी. म्हणून डाव्यांना तो आपलाच लढा वाटला. १०६ हुतात्मे झाले आणि १ मे १९६० ला राज्य मिळालं. मग पुढे? जमीन कोणाला, कारखाना कोणाचा, यावर समितीचं एकमत कधी झालंच नव्हतं. ते करायची वेळच आली नव्हती. बेळगाव बाहेर राहिलं, समिती विस्कटली आणि १९६२ ला यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसनं २६४ पैकी २१५ जागा घेतल्या.

तीन उदाहरणांवरून नियम काढता येत नाही, हे मान्य. तरी एक गोष्ट तिन्हीकडे दिसते. युती ज्या प्रश्नावर झाली, त्यावर ती तुटली नाही. सोयीसाठी बाजूला ठेवलेल्या प्रश्नावर तुटली. ग्रीसमध्ये पैशावर जमली आणि राष्ट्राच्या प्रश्नावर मोडली. सिंगापुरात 'ब्रिटिश नकोत' यावर जमली आणि 'मग देश कोणता, आणि पोलीस कोणाचे' यावर मोडली. महाराष्ट्रात सीमेवर जमली आणि सीमा आखल्यावर एकत्र करायचं काही उरलं नाही.

म्हणून अशा युत्या फसव्याच असतात, असं मी म्हणणार नाही. समितीशिवाय मुंबई मिळाली असती का? डाव्यांशिवाय पीएपीला ४३ जागा मिळाल्या असत्या का? मला नाही वाटत. पण तुम्ही जिथे राहता, मतदान करता, तिथे अशी आघाडी उभी राहिली तर घोषणा ऐकून झाल्यावर तीन गोष्टी जरूर विचारा. हे लोक कशावर बोलायचं टाळताहेत? पैसे कमी पडले तर आधी कोणाचा खिसा कापणार? आणि उद्या भांडण झालंच, तर तुरुंगाची चावी कोणाकडे असेल? तिसरा प्रश्न तरुणांना अतिशयोक्तीचा वाटतो. १९५९ च्या जूनमध्ये, तुरुंगातून हार घालून बाहेर आलेल्या लिम चिन सिओंगलाही कदाचित तसाच वाटला असेल.