दोन गुंठ्यांच्या चौरसाची बाजू

मांजरी गावात जमिनीचा हिशेब गुंठ्यात होतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात ३३ फूट बाजूचा चौरस. चार गुंठ्यांच्या चौरसाची बाजू ६६ फूट भरते. दोन गुंठ्यांच्या चौरसाची बाजू मात्र ३३√२, म्हणजे सुमारे ४६.६७ फूट येते. दशांश चिन्हापुढे कितीही अंक काढले तरी हे उत्तर संपत नाही, कारण √२ ही अपरिमेय संख्या आहे.

पूर्णांकांच्या गुणोत्तरात लिहिता येते ती परिमेय संख्या. छेद अर्थातच शून्य नसावा. अतिसंक्षिप्त रूपात छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील तर भागाकार संपतो: १/८ म्हणजे ०.१२५. एरवी अंकांचा एक गट पुन्हा पुन्हा येतो. ७ ने भागताना शून्य सोडून सहाच बाक्या शक्य असतात. त्यांतली एखादी परत आली की पुढचे अंकही परततात. म्हणूनच १/७ म्हणजे ०.१४२८५७१४२८५७…

नुसत्या कॅल्क्युलेटरवर विसंबू नये. १/१७ चे अंक सोळा स्थानांनंतर परततात; दहा अंकी पडद्यावर ही परिमेय संख्या अपरिमेय भासते. उलट, ०.१०१००१०००१… मध्ये शून्ये एकेकाने वाढतात. नियम स्पष्ट आहे, पण कोणताच गट कायम परतत नाही. म्हणून ती अपरिमेय.

खरा निवाडा सिद्धतेनेच होतो. समजा, √२ हा अतिसंक्षिप्त अपूर्णांक आहे. मग अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या दुप्पट, म्हणून अंश सम. सम संख्येच्या वर्गाला ४ ने भाग जातो, त्यामुळे छेदाचा वर्ग सम आणि छेदही सम. दोन्ही सम असतील तर अपूर्णांक अतिसंक्षिप्त नव्हताच! इतक्या थोडक्या साधनांत इतके पक्के उत्तर गणितात क्वचितच मिळते. याच धर्तीवर, पूर्ण वर्ग नसलेल्या प्रत्येक नैसर्गिक संख्येचे वर्गमूळ अपरिमेय ठरते.

व्यवहाराला जवळचे परिमेय मूल्य पुरते. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील ‘लीलावती’त अशा मुळाची रीत आहे: संख्येला मोठ्या वर्गाने गुणून मूळ काढायचे, मग त्या वर्गाच्या मुळाने भागायचे. २ ला १०,००० ने गुणले तर मूळ १४१ च्या आसपास, म्हणून √२ सुमारे १.४१. परिघ भागिले व्यास, म्हणजे ‘पाय’, यासाठी त्याच ग्रंथात २२/७ हे स्थूल आणि ३९२७/१२५० हे सूक्ष्म गुणोत्तर दिले आहे. दोन्ही परिमेय आहेत; पण पाय स्वतः अपरिमेय असल्याचे योहान लॅम्बर्टने १७६१ मध्ये सिद्ध केले. ऑयलरची संख्या ‘ई’ हीदेखील अपरिमेय आहे. मात्र पाय आणि ई यांची बेरीज परिमेय की अपरिमेय, हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.