गाळणारे मडके

माठ पाझरतो म्हणूनच त्यातले पाणी गार राहते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. हाच पाझर थोडा वाढवला तर मातीचे भांडे पाणी शुद्धही करते, ही गोष्ट अलीकडेच माझ्या वाचनात आली. मी कलाशाखेचा विद्यार्थी, तरीही तिच्याविषयी लिहावेसे वाटले. "पाणी उकळून प्या" ही सूचना पावसाळ्यात गावच्या फळ्यावर असते. पण सरपण आईच्या डोक्यावरून येते, आणि त्यावर आधी भाकरी होते.

मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला देशात फर्नांडो माझारिएगोस या संशोधकाने १९८१ साली असे मडके तयार केले. चाळलेल्या मातीत लाकडाचा बारीक भुसा किंवा भाताचे तूस मिसळायचे, साच्यात दाबून बादलीसारखे भांडे करायचे व भट्टीत भाजायचे. माती पक्की होते, तूस जळून जाते आणि त्याच्या जागी सूक्ष्म छिद्रे उरतात. त्या वाकड्यातिकड्या वाटांनी पाणी झिरपते. गाळ आणि बहुतेक जंतू मागे अडकतात. शिवाय भांड्याला चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचे द्रावण लावतात. चांदी जंतुनाशक आहे.

खरी कसोटी तुसाच्या प्रमाणाची. ते जास्त झाले तर पाणी भराभर वाहते आणि त्याबरोबर जंतूही निसटतात. कमी झाले तर घागरभर पाण्याला दिवस जातो. आमच्या गावच्या कुंभारमामांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "लीद आम्हीबी घालतो मातीत, पण मोजून न्हाई." तिकडे मात्र प्रत्येक मडके भरून तासाला किती पाणी येते ते मोजतात. साधारण एक ते अडीच लिटर आले तर ठीक. फारच भरभर गळणारे मडके फोडून टाकतात!

१९९८ च्या 'मिच' चक्रीवादळानंतर 'पॉटर्स फॉर पीस' या संस्थेचे रॉन रिव्हेरा यांनी निकाराग्वात ही मडकी करवून घेतली. पुढे २००८ साली मृत्यू येईपर्यंत ते देशोदेशीच्या कुंभारांना ही विद्या शिकवीत हिंडले. तिचे पेटंट घेतले नाही, हे मला या साऱ्या हकिगतीत सर्वांत मोठे वाटते.

अर्थात हे मडके म्हणजे सर्व रोगांवर रामबाण नव्हे. विषाणू जंतूंहून फारच लहान, ते पुष्कळसे पार होतात. पाण्यात विरघळलेले क्षार तर जसेच्या तसे राहतात. म्हणून यवतमाळ-चंद्रपूरकडील फ्लोराइडच्या पाण्याला याचा उपयोग नाही. कंबोडियात या मडक्यांमुळे हगवण बरीच कमी झाल्याचे आढळले, पण दरमहा शंभरातली दोनेक मडकी वापरातून जात. मुख्य कारण एकच, फुटणे.

मडके झाकणाच्या, तोटी असलेल्या पिंपात बसवतात. ही तोटी क्षुल्लक समजू नये. आपल्याकडे माठात ओगराळे बुडते, घाईत हातही बुडतो, आणि गाळलेले पाणी पुन्हा होते तसे होते. झिरपणे मंदावले की मडके आतून ब्रशाने घासायचे. साबण लावायचा नाही.