लोह्याच्या मुलांची पहिली पदभ्रमंती: लिंबोटी आणि जगत्तुंग समुद्र

मुलांना चालायची गोडी लावायला सह्याद्रीच गाठावा लागतो, हे मला पटत नाही. लहान मूल चढाने लवकर दमते. सपाट काठावर मात्र ते थांबत, पाहत, विचारत चालते. लोहा तालुक्यातच मन्याड नदीवर लिंबोटी धरण आहे आणि शेजारच्या कंधारला जगत्तुंग समुद्र हा राष्ट्रकूटकालीन तलाव. एकाच दिवसात आजचे धरण आणि हजार वर्षांपूर्वीचा तलाव दाखवून पाणी साठवण्याचा इतिहास मुलांना समजावता येतो. जवळच कंधारचा भुईकोट किल्ला, खंदकासह. धरण, तलाव आणि किल्ला असे एकत्र डोंगरी ट्रेकमध्ये सहसा मिळत नाही.

आपल्याकडे ऊन फार, हा आक्षेप खराच. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारीतली सकाळ निवडावी. तेव्हा पावसाळ्याचे पाणी टिकून असते आणि मराठवाड्याच्या जलाशयांवर पट्टकादंबासारखे पाहुणे पक्षीही येतात. पावसाळ्यात नको, काळी माती पायाला चिकटते, घसरवते. पाण्याची भीतीही रास्त आहे. काठचा गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत पाय रुततो, त्यामुळे रुळलेली पाऊलवाट सोडू नये, मुलांना पाण्यात उतरू देऊ नये आणि सांडव्यापासून लांबच राहावे. आखीव वाट नसेल तर पूर्ण फेरीचा हट्टही नको. जमेल तेवढे चाला, आल्या वाटेने परता आणि आपला कचरा सोबत घेऊन या.