नवे गाणे सापडते कसे?

वाचकहो, रेडिओची कळ फिरवली की गाणे लागते, मोबाइलवर बोट टेकवले की गाणे लागते. त्यात आता नवल राहिलेले नाही. नवल आहे ते निराळेच. जगात रोज हजारो नवी गाणी तयार होतात, आणि आपल्या कानावर मात्र तीच ती पाच-पन्नास येतात. मांडवात तीच, एस.टी.त तीच, मिरवणुकीतही तीच. मग बाकीची जातात कुठे? आणि त्यांतले एखादे खरोखर चांगले असले, तर ते आपल्याला सापडावे कसे?

हा प्रश्न ज्या संगीताला विशेष लागू पडतो, त्याला तरुण मुले इलेक्ट्रॉनिक, इंडी आणि रिमिक्स अशा तीन नावांनी ओळखतात. ही नावे ऐकली की थोरल्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. “हा सगळा नुसता धांगडधिंगा!” असा शेरा मिळतो. शेरा खुशाल मारावा. पण आधी वस्तू काय आहे ते पाहून घ्यावे, एवढेच माझे म्हणणे.

पहिले नाव इलेक्ट्रॉनिक. सतारीत तार कंप पावते, तबल्यात पुडी थरथरते, बासरीत हवा घुमते. इलेक्ट्रॉनिक संगीतात हा कंप आधी विजेच्या प्रवाहात निर्माण करतात आणि मग लाउडस्पीकरचा पडदा तो हवेत सोडतो. दुसरी रीत अशी की खराखुरा आवाज यंत्रावर टिपून घ्यायचा, तो कापायचा, उलटा फिरवायचा, संथ किंवा जलद करायचा आणि त्यातून नवे सूर घडवायचे. ही विद्या नाचघरात जन्मली असे पुष्कळांना वाटते, पण तिच्या बाळपणाशी रेडिओ केंद्रांचा फार मोठा संबंध आहे. १९४४ साली कैरो शहरात हलीम अल-दब या तरुणाने रेडिओ केंद्रातून तारेवर ध्वनी टिपण्याचे यंत्र मागून आणले, बायकांच्या एका पारंपरिक विधीतले गायन टिपले आणि त्याचा मूळ आवाज बदलून एक नवीच रचना केली. १९४८ साली पॅरिसमध्ये फ्रेंच रेडिओतले पिएर शेफेर यांनी आगगाडीची धडधड आणि शिट्ट्या टिपून त्यांची रचना बांधली व ती रेडिओवरून ऐकवली.

लंडनच्या बी.बी.सी.तली हकीकत तर प्रत्येक शिक्षकाने मुलांना सांगावी अशी आहे. १९६३ साली ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी रॉन ग्रेनर यांनी एक चाल लिहून दिली. ती प्रत्यक्ष आवाजात उतरवली डेलिया डर्बिशर या बाईंनी. त्या काळी आजच्यासारखे तयार सिंथेसायझर हाताशी नव्हते. एका छेडलेल्या तारेचा आवाज आणि विजेवर सूर काढणाऱ्या उपकरणांचे नाद त्यांनी टेपवर घेतले, एकेक सूर हवा तेवढा लांब कापला आणि तुकड्याला तुकडा चिकटवून सारी चाल उभी केली. ग्रेनर ऐकून इतके थक्क झाले की श्रेयातला वाटा बाईंना द्यावा असे त्यांनीच सुचवले. पण नोकरांची नावे द्यायची नाहीत असा तिथला नियम होता. बाई २००१ साली वारल्या. त्या मालिकेच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव पडद्यावर आले ते २०१३ साली. चाल अवघ्या इंग्लंडला पाठ, आणि घडवणारीचे नाव पन्नास वर्षे नाही! ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

दुसरे नाव इंडी. ‘इंडिपेंडंट’ या शब्दाचे हे लाडके रूप, म्हणजे स्वतंत्र. मोठ्या कंपनीच्या दारात न थांबता कलावंताने स्वतःच, किंवा एखाद्या लहानशा प्रकाशकाच्या मदतीने काढलेले संगीत ते इंडी. मँचेस्टरच्या बझकॉक्स या वाद्यवृंदाने घरच्यांकडून आणि मित्रांकडून ५०० पौंड उसने घेऊन १९७७ च्या जानेवारीत ‘स्पायरल स्क्रॅच’ ही तबकडी स्वतःच छापली. पहिल्या खेपेला प्रती हजार. पुढे ती सोळा हजारांपर्यंत खपली. तिने गावोगावच्या पोरांना एक गोष्ट दाखवून दिली : तबकडी आपल्यालाही काढता येते, कोणाची परवानगी लागत नाही.

तिसरे नाव रिमिक्स. पंढरीच्या वाटेवर एकच अभंग वेगवेगळ्या दिंड्यांत वेगवेगळ्या चालींवर ऐकू येतो. मग तेही रिमिक्स का? नाही. दिंडीत गाणारा नव्याने गातो. रिमिक्समध्ये गायकाचा आवाज पूर्वी टिपलेलाच असतो. त्याच्या भोवतीचे ताल, सूर, लांबी आणि क्रम दुसराच माणूस बदलतो. याची पाळेमुळे जमैका बेटावर सापडतात. तिथे रस्त्यात मोठमोठे लाउडस्पीकर मांडून लोकांना नाचवण्याची रीत होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रडी रेडवूड या ध्वनिक्षेपकवाल्याच्या हाती एक तबकडी आली, तिच्यात गायकाचा आवाज घालायचा चुकून राहिला होता. त्याने ती तशीच वाजवली, आणि मोकळ्या जागेत जमलेले लोकच गाऊ लागले! पुढे किंग्स्टन शहरातल्या किंग टबी यांनी याच युक्तीची कला केली. हे गृहस्थ मूळचे रेडिओ आणि विजेची उपकरणे दुरुस्त करणारे. तयार गाण्यातला आवाज ते मध्येच काढून घेत, नुसता ढोल आणि खर्जाचा सूर ठेवत, आणि एखाद्या शब्दाला विहिरीत हाक मारल्यासारखा प्रतिध्वनी देत. या प्रकाराला ‘डब’ म्हणतात. आजच्या रिमिक्सचा हा एक मोठा पूर्वज.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हजार प्रतींची तबकडी दूरच्या गावातल्या ऐकणाऱ्यापर्यंत पोचायची कशी?

इंग्लंडात पुष्कळदा ती एका माणसाच्या कानातून पोचली. जॉन पील हे १९६७ पासून २००४ साली मृत्यू येईपर्यंत बी.बी.सी.वर रात्री नवे संगीत लावीत. नवखी मुले त्यांना टपालाने टेपा आणि तबकड्या पाठवीत आणि ते त्या ऐकत. घरी पंचवीस हजारांहून अधिक एल.पी. साठल्या. कधी कधी तबकडी भलत्याच गतीने लागे, तेही श्रोते चालवून घेत. १९७८ साली उत्तर आयर्लंडमधल्या डेरी गावच्या ‘अंडरटोन्स’ या पोरांचे ‘टीनेज किक्स’ हे गाणे त्यांच्याकडे आले. बेलफास्टच्या एका तबकडीविक्याने ते काढले होते. पीलना ते इतके भावले की त्यांनी ते एकापाठोपाठ दोनदा लावले. मग मोठी कंपनी त्या पोरांच्या दाराशी आली. पील यांच्या कबरीवरच्या शिळेवर याच गाण्याची एक ओळ कोरलेली आहे.

तुम्ही म्हणाल, “तो काळ गेला. आता फोनच सुचवतो, पुढे हे ऐका म्हणून.” खरे आहे. पण फोन सुचवतो कसे, ते पाहा. आपला वाणी बघून ठेवतो की गूळ नेणारा शेंगदाणेही नेतो. मग नवे गिऱ्हाईक गूळ मागायला आले की तो विचारतो, “शेंगदाणे देऊ का?” यंत्राचा मुख्य हिशेब हाच. हे गाणे ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकले, ते मोजायचे आणि पुढे करायचे. हिशेब चोख आहे, पण त्यात एक उणीव आहे. जो जिन्नस अजून एकाही गिऱ्हाइकाने उचलला नाही, त्याची जोडी वाणी कशाशी लावणार? गाण्याच्या आवाजाची ठेवण तपासून यंत्र थोडाफार अंदाज बांधते. परंतु जिथे माणसांची पावले उमटलेली नाहीत, तिथे त्याला वाट नीट दिसत नाही. म्हणजे नवे गाणे आधी कोणा माणसालाच सापडावे लागते.

यात कलावंताचे पोटही गुंतलेले आहे. स्पॉटिफाय या मोठ्या संगीतसेवेत गाणे निदान ३० सेकंद ऐकले तरच ते ‘ऐकले’ असे धरतात. आणि २०२४ पासून त्यांनी नियम केला की वर्षभरात किमान १००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला मानधनाचा वाटा नाही. मोठ्या गायकाला हजार ऐकणारे म्हणजे काहीच नाही. खोलीत बसून गाणी करणाऱ्या नवख्या पोराला तोच उंबरठा डोंगराएवढा.

आणि वेळेवर कोणाला सापडलेच नाही तर? उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे कसबी वादक. १९८२ साली त्यांनी जपानी बनावटीची तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रे एकत्र जोडली आणि डिस्कोच्या तालावर भैरव, ललित, यमन, मालकंस असे दहा राग वाजवले. एच.एम.व्ही.ने ती एल.पी. काढली, पण तिची फारशी दखल कोणी घेतली नाही. पाच वर्षांनी, १९८७ साली, अमेरिकेतल्या शिकागो शहरात त्यांतल्याच एका यंत्रावर केलेली एक तबकडी निघाली आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा संगीतप्रकार जगभर गाजला. सिंग यांचे नाव त्यात कुठेच नव्हते. २००२ साली जुन्या तबकड्या शोधत फिरणाऱ्या एका डच गृहस्थाला दिल्लीत ही एल.पी. मिळाली आणि २०१० साली ती पुन्हा निघाली. ऐकणारे चकित झाले. उतारवयात सिंग यांना युरोपातून वादनाची आमंत्रणे आली. २०१५ साली ते वारले. अठ्ठावीस वर्षे गाणे होते, तबकडीही होती. फक्त ऐकून दुसऱ्याला सांगणारा कान नव्हता.

तेव्हा नवे शोधायचे असेल तर काय करावे? युक्त्या सोप्या आहेत. पहिली, नाव वाचा. रिमिक्सच्या मथळ्यात मूळ कलावंताचे नाव, गाण्याचे नाव आणि पुढे बहुधा कंसात रिमिक्स करणाराचे नाव असते. गाणे आवडले तर त्या कंसातल्या माणसाने आणखी काय केले ते शोधा. मग ज्या लहान प्रकाशकाने ते काढले, त्याच्याकडचे इतर कलावंत पाहा. नाव हा धागा आहे. तो धरला की एका गाण्यामागून दहा गाणी येतात. डर्बिशरबाईंचे नाव दडले तेव्हा हा धागाच तुटला होता.

दुसरी, धीर धरा. नाचासाठी केलेल्या पुष्कळ गाण्यांत पहिले मिनिटभर नुसता ठेका असतो. एका तबकडीचा ताल दुसरीशी बेमालूम जुळवता यावा म्हणून ती सोय केलेली असते. ख्यालातला आलाप जसा पुढे पुढे उलगडतो, तसे या ठेक्यातून गाणे उलगडते. दहा सेकंदांत पुढचे लावले तर ते कळणार नाही. एकदा तरी शेवटपर्यंत ऐका, मग नापसंत करा.

तिसरी, थेट कलावंताच्या दारी जा. बँडकॅम्प आणि साउंडक्लाउड यांसारख्या ठिकाणी कलावंत आपली गाणी स्वतः मांडतात. तिथे ऐकता येते, आणि बँडकॅम्पवर आवडले तर विकत घेता येते. पैशांचा मोठा हिस्सा करणाऱ्याच्या हाती जातो.

शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. वर्गात शाळेची घंटा, हापशाचा आवाज, मळणीयंत्राची घरघर मोबाइलवर टिपा. एखाद्या साध्या अ‍ॅपवर ते आवाज संथ करा, जोडा आणि मुलांकडून अर्ध्या मिनिटाची एक रचना करून घ्या. मग फळ्यावर लिहा : आवाज कोणी टिपला, कोणी कापला, कोणी जोडला. ही नावे लिहिल्याखेरीज ती रचना कोणाला ऐकवू नका. गाण्यामागे माणूस असतो, हे मुलांना तेवढ्याने कळेल.

आणि वाचकहो, या आठवड्यात कधी न ऐकलेले एक तरी गाणे पुरते ऐका. आवडले तर शेजाऱ्याला सांगा, आणि सांगताना ते करणाऱ्याचे नाव सांगायला विसरू नका.