एकादशी आणि भांगाचे पाणी

एकादशीच्या उपवासामागचे ‘शास्त्रीय कारण’ आता घरोघरी ठाऊक झाले आहे. चंद्रामुळे समुद्राला भरती येते, माणसाच्या शरीरातही साठ-सत्तर टक्के पाणी असते, तेव्हा चंद्र ते पाणीही ओढणार. म्हणून एकादशीला पोट हलके ठेवावे, असा हा युक्तिवाद. तो श्रद्धेने सांगितला जातो, आणि सांगणाऱ्याचा हेतूही चांगलाच असतो. पण समुद्राचा दाखला दिला की साक्षही समुद्राचीच काढायला हवी. त्यासाठी पालघर तालुक्यातल्या दांडीचा किनारा पुरेसा आहे. दांडी, उच्छेळी, नवापूर, मुरबे, सातपाटी या मच्छीमार गावांत तिथी देवघरात जितकी लागते तितकीच होडीवरही लागते. तिथला समुद्र या युक्तिवादाच्या विरोधात साक्ष देतो.

तिथी म्हणजे दिवस नव्हे, ते सूर्य आणि चंद्र यांच्यातले कोनीय अंतर आहे. अमावास्येला दोघे एका दिशेला असतात. तिथून चंद्र सूर्याच्या दर 12 अंश पुढे गेला की एक तिथी पुरी होते. अष्टमीच्या मध्यावर हे अंतर 90 अंश होते, पौर्णिमा संपते तेव्हा 180. भरतीची वेळ आणि जोर दोन्ही याच कोनावर अवलंबून असल्याने आपल्या किनाऱ्यावर पाऊणकीचा हिशेब चालत आला आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. प्रत्यक्षात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, तरी कागद-पेन्सिलीशिवाय करता येणारे इतके उपयोगी गणित दुसरे क्वचितच सापडेल. जोराचेही तसेच आहे. सूर्याची भरती आणण्याची ताकद चंद्राच्या सुमारे 46 टक्के. पौर्णिमा-अमावास्येला दोघांचे बळ एकत्र येते आणि उधाण येते. अष्टमीला दोघे काटकोनात आले की एकमेकांचा परिणाम कमी करतात आणि भांग, म्हणजे मंद भरती, लागतो. मात्र पाणी लगेच प्रतिसाद देत नाही, त्याला एक-दोन दिवस लागतात. त्यामुळे सर्वांत मोठे उधाण पौर्णिमा किंवा अमावास्या उलटल्यावर, प्रतिपदा-द्वितीयेला येते आणि सर्वांत मंद पाणी नवमी-दशमीच्या आसपास असते. प्रवाहाच्या तोंडावर बांधलेली डोल जाळी उधाणाच्या ओढीत भरतात. भांगात पाण्याला ओढच नसते, म्हणून मासळीही कमी लागते.

आता एकादशी कुठे बसते ते पाहा. 120 ते 132 अंश. म्हणजे भांग नुकता संपत असतो आणि पाणी पुन्हा जोर धरायला सुरुवात करत असते. पंधरवड्यात समुद्र ज्या दिवसांत सर्वांत कमी हलतो, त्यांना लागूनच ही तिथी येते. चंद्राच्या ओढीमुळेच उपवास सांगितला असता, तर तो द्वितीयेला सांगितला गेला असता.

यावर उत्तर येते की एकादशी ही पूर्वतयारी आहे, खरा परिणाम चार दिवसांनी पौर्णिमेला होतो. ते मान्य करावे, तर संकष्टी वद्य चतुर्थीला का, प्रदोष त्रयोदशीला का आणि जन्माष्टमी ऐन काटकोनाच्या दिवशी का, हे सांगावे लागते. व्रते पंधरवडाभर विखुरलेली आहेत. प्रत्येक तिथीसाठी ‘आधी’, ‘नंतर’ किंवा ‘त्याच वेळी’ असे नवे कारण जोडायचे असेल, तर ते कारण कोणत्याच तिथीचे उरत नाही. शिवाय भरती पाण्याच्या पाणीपणामुळे येत नाही. पृथ्वीची चंद्राकडची बाजू आणि पलीकडची बाजू यांवरच्या ओढीत जो फरक पडतो त्यातून ती येते, आणि तो फरक जाणवायला पृथ्वीएवढा विस्तार लागतो. पालघर जिल्ह्यातच सूर्या नदीवर धामणीचे धरण आहे. पौर्णिमेला त्याच्या काठावर भरती चढताना दिसत नाही. माणसाच्या डोक्यापासून पायापर्यंतचा हा फरक पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या तीस लाख कोटी भागांतल्या एका भागाएवढा भरतो. शेजारी उभ्या भिंतीची ओढही त्याहून किती तरी जास्त असते.

मग चंद्राचा माणसावर काहीच परिणाम होत नाही का? इथे घाईने ‘नाही’ म्हणू नये. 2021 साली ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये अर्जेंटिनातल्या तोबा-कोम आदिवासींच्या झोपेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पौर्णिमेआधीच्या तीन ते पाच रात्री लोक उशिरा झोपतात आणि कमी झोपतात, असे त्यात आढळले. शुद्ध एकादशी नेमकी याच रात्रींत येते, म्हणून हा पुरावा आकर्षक वाटतो. पण त्या रात्रींचे वैशिष्ट्य म्हणजे सूर्यास्तानंतर मिळणारे चांदणे. वद्य एकादशीला चंद्र उत्तररात्री उगवतो, संध्याकाळी आकाशात नसतोच. उपवास मात्र दोन्ही एकादशींना सारखाच.

म्हणून एकादशी सोडा असे कोणी म्हणू नये. व्रत हे व्रत आहे. त्याला भौतिकशास्त्राच्या आधाराची गरज नाही, आणि खोट्या आधाराने तर त्याची हानीच होते. उपवासाने शरीराला काही लाभ होत असेल तर तो काय खाल्ले आणि काय टाळले यावर ठरेल, चंद्राच्या जागेवर नाही. वरई, रताळी आणि साबुदाण्याची खिचडी यांनी तो किती साधतो, हे मधुमेह असलेल्याने तरी डॉक्टरांना विचारावे.

व्रतांचे मोठे काम वेगळेच आहे, आणि त्याचे श्रेय आपण देत नाही. सुमारे वीस तासांपासून पावणेसत्तावीस तासांपर्यंत कमी-जास्त होणारी तिथी सामान्य माणसाने लक्षात ठेवावी कशी? व्रतांनी ती ठेवायला लावली. एकादशी सूर्योदयावरून ठरते, संकष्टीला चंद्रोदयाची वेळ पाहावी लागते. 2025 मध्ये पौर्णिमा 8 ऑगस्टला दुपारी लागली आणि 9 तारखेला दुपारी संपली, म्हणून नारळी पौर्णिमा आदल्या दिवशी आणि राखी दुसऱ्या दिवशी आली. नारळी पौर्णिमेतच तिथीची मर्यादाही दिसते. समुद्र निवळतो तो मोसमी वारे ओसरू लागतात म्हणून, आणि पावसाळा सूर्याच्या गतीने येतो-जातो. बारा चांद्रमास वर्षाला सुमारे अकरा दिवस कमी पडतात. अधिक मासाने ती तूट भरून सण ऋतूत राहतो, तरी 2020 मध्ये तो 3 ऑगस्टला आणि अधिक श्रावणामुळे 2023 मध्ये 30 ऑगस्टला आला. राज्यातली मासेमारीबंदी मात्र या दोन्ही वर्षी 31 जुलैलाच संपली.

किनाऱ्यावरच्या शाळांनी एक महिना मुलांकडून रोजची तिथी, भरतीची वेळ आणि पाणी कुठवर चढले त्याची खूण एका वहीत नोंदवून घ्यावी. घरच्या कॅलेंडरवर तिथी छापलेली असतेच. एकादशीला चंद्र किती ओढतो, ते मुलांना त्या वहीतूनच कळू द्या.