माधवनगरचे घड्याळ आणि शंकूची छाया

कोकणपट्टीतून वा गोमंतकातून उज्जयिनीस जाणारा भाविक बहुधा दीड दिवसाचा पाहुणा असतो. पहाटेची भस्मारती, क्षिप्रास्नान, हरसिद्धी, कालभैरव आणि परतीची गाडी, एवढ्यात त्याची यात्रा पुरी होते. या धावपळीत उज्जयिनीची दोन स्थळे त्याच्या दृष्टीतून निसटतात. एक म्हणजे रेल्वेरुळांच्या पलीकडचे माधवनगर. शिंदे संस्थानच्या काळात वसलेल्या या भागाला लोक फ्रीगंज या नावानेही ओळखतात. दुसरे म्हणजे जयसिंगपुऱ्यातील जुनी वेधशाळा. पहिल्या ठिकाणी शहराचे रोजचे जगणे चालते आणि दुसऱ्या ठिकाणी सूर्याचे. आम्हांस दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी पाहावयास मिळाली, आणि त्यांतून जो विचार सुचला तो वाचकांपुढे ठेवण्याजोगा वाटतो.

माधवनगरची सकाळ तशी कोणत्याही मध्यम शहराच्या सकाळीसारखीच. टॉवर चौकात पोहे-जिलबीच्या गाड्यांभोवती गर्दी, शिकवणीच्या वर्गांना निघालेली मुले, औषधांची दुकाने उघडण्याची लगबग, आणि २०२२ साली महाकाल लोक उभा राहिल्यापासून वाढलेल्या यात्रेकरूंना वाहून नेणाऱ्या ई-रिक्षांची अखंड रांग. आमचे यजमान निवृत्त गणितशिक्षक. त्यांच्या मराठीत माळव्याचा हेल इतका मुरला आहे की, प्रथम ऐकणाऱ्याला ते हिंदी बोलत आहेत की मराठी, याचा क्षणभर उलगडा होऊ नये. पहाटे महाकालाच्या दारी जाणारे हे गृहस्थ २१ जूनला मात्र दुपारचे जेवण लांबवून वेधशाळेत जातात. ‘सकाळी त्याला भेटलो, आता त्याची सावली पाहू,’ असे म्हणून त्यांनी आम्हांसही बरोबर घेतले.

वेधशाळेत एका वर्तुळाकार ओट्याच्या मध्यभागी एक उभा शंकू आहे. एवढेच ते यंत्र. त्याला चाक नाही, काच नाही, विजेची तार नाही. शंकूच्या माथ्याची सावली ओट्यावर जेथे पडते, तेथून सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेस वा दक्षिणेस आहे ते कळते. भोवती शाळेची मुले दाटीवाटीने उभी होती. आकाश सुदैवाने मोकळे होते. सावली आखडत आखडत शंकूच्या पायथ्याशी आली, आणि दुपारी १२ वाजून २८ मिनिटांच्या सुमारास जवळजवळ नाहीशी झाली. मुलांनी टाळ्या वाजविल्या. यजमानांनी मात्र चष्मा सावरून खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, ‘गेली नाही. एवढीशी आहे, दक्षिणेला.’

त्या एवढ्याशा सावलीविषयी पुढे बोलावयाचे आहे. आधी त्या २८ मिनिटांविषयी. मध्यान्ह झाला असताना टॉवरवरचे घड्याळ साडेबाराच्या जवळ का असते? आपली सर्व घड्याळे ८२ अंश ३० कलांच्या रेखांशावर चालतात आणि उज्जयिनी आहे सुमारे ७५ अंश ४६ कलांवर. एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने हा फरक २७ मिनिटांचा होतो. त्यात पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार भ्रमणामुळे आणि तिच्या कललेल्या अक्षामुळे सूर्य वर्षभर कधी पुढे तर कधी मागे असतो. त्यामुळे उज्जयिनीत हाच फरक नोव्हेंबरच्या आरंभी अकरा मिनिटांइतका उतरतो आणि फेब्रुवारीच्या मध्यास एक्केचाळीसवर चढतो. पणजीचा मध्यान्ह उज्जयिनीच्या मागून सुमारे आठ मिनिटांनी होतो.

या आठ मिनिटांना आपल्या पूर्वजांनी नाव दिले होते: देशांतर संस्कार. प्राचीन सिद्धांतग्रंथांची मध्यरेखा लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जात असे, आणि किनाऱ्यावरच्या गावात पंचांग करणाऱ्यास आपले गाव त्या रेषेपासून किती दूर आहे याची आकडेमोड करावी लागे. कोकणातील नांदगावी बसून गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ रचले, तेही याच परंपरेत. ज्याचापांची किचकट गणिते टाळून ग्रह काढण्याची सोपी रीत त्याने दिली, आणि पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्राची पंचांगे तिच्यावर चालली. या साऱ्या परंपरेचा इतिहास १८९६ साली ग्रंथरूपाने मराठीत आणणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हेही कोकणचेच, दापोलीजवळच्या मुरूडचे. (गणेश दैवज्ञाचे नांदगाव आहे जंजिऱ्याजवळच्या मुरूडनजीक. दोन्ही मुरूडांनी आकाशाशी नाते जोडावे, हा योगायोग गमतीचा खरा.)

उज्जयिनीच्या वेधशाळेचे गोव्याशी असलेले नाते मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ही वेधशाळा सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधली. दिल्ली, जयपूर, मथुरा, वाराणसी आणि उज्जयिनी अशा त्याच्या पाच वेधशाळा. एवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. युरोपात ग्रहगणित कोठवर पोहोचले आहे हे पाहण्यासाठी १७२७ च्या सुमारास त्याने मान्युएल द फिगेरेदो या जेझुइट पाद्रीबरोबर आपली माणसे पोर्तुगालला पाठविली. त्यांचा मार्ग गोव्याचा. येताना त्यांनी ला हीर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टके आणली. एका हिंदू राजाने, फारशी परंपरेत स्वतः तयार करविलेल्या कोष्टकांच्या पडताळणीसाठी, ख्रिस्ती धर्मगुरूला सात समुद्रांपलीकडे धाडावे, हेच मुळी विलक्षण. त्याहून विलक्षण म्हणजे, कोष्टके हाती येताच ती शिरोधार्य न मानता त्याने ती आकाशाशी ताडून पाहिली. चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक निघाली आणि ग्रहणांच्या वेळेत पाव घटकेची. ती त्याने नोंदवून ठेवली. पुढे मोडकळीस आलेल्या या वेधशाळेचा जीर्णोद्धार १९२३ साली माधवराव शिंद्यांनी केला. तिचे पहिले अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे. १९४२ पासून येथून दृश्य ग्रहस्थितीचे वार्षिक पंचांगही निघू लागले.

विज्ञानात अध्यात्म शोधणाऱ्यांची आज उणीव नाही. कोणी अणूत शिवतांडव पाहतो, तर कोणी प्रत्येक नव्या शोधाचे मूळ जुन्या ऋचेत दाखवितो. आम्हांस या खटाटोपाचे फारसे कौतुक वाटत नाही. त्यात विज्ञानाचा कस लागत नाही आणि श्रद्धेचाही लागत नाही. अध्यात्माचा पहिला पाठ अहंकार सोडण्याचा असेल, तर तो जयसिंहाच्या अर्ध्या अंशात आहे. आपल्या ज्योतिष्यांनी जुन्या ग्रंथांतील आकड्यांना वेधाने दुरुस्ती देण्याच्या कृतीस ‘बीजसंस्कार’ म्हटले. ग्रंथ ऋषिप्रणीत मानावयाचा, आणि तरीही ग्रहण गणिताप्रमाणे लागले नाही तर आकडा बदलावयाचा! ‘संस्कार’ हा शब्द आपण मौंजीला वापरतो, विवाहाला वापरतो, अंत्येष्टीलाही वापरतो. चूक सुधारण्यालाही ज्यांनी तोच शब्द योजिला, त्यांना त्या कृतीचे गांभीर्य ठाऊक होते.

हे केवळ विद्वानांचे प्रकरण नव्हे. रत्नागिरीकडच्या काही घराण्यांत टिळक पंचांग पाळतात. अधिकमास वेगळा आला की त्यांचे गणपती शेजाऱ्यांच्या महिनाभर आधी येतात. एका वाडीत एका घरी आरत्या आणि दुसऱ्या घरी अजून मखराचाही पत्ता नाही, हे दृश्य पाहून हसणारे पुष्कळ. परंतु त्यामागे असलेला प्रश्न हसण्याजोगा नाही. सूर्य-चंद्र पुस्तकात आहेत तेथे मानावयाचे की आकाशात दिसतात तेथे, आणि राशिचक्राचा आरंभ कोठून धरावयाचा, यावर लोकमान्यांसारख्यांनी आयुष्याची वर्षे वेचली. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने जो मार्ग काढला, त्यात एक सूक्ष्म सौजन्य आहे. गणितासाठी रेखांश घेतला भारतीय प्रमाणवेळेचा, परंतु अक्षांश घेतला २३ अंश ११ कला, म्हणजे उज्जयिनीचा. २२ मार्च १९५७ पासून अमलात आलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेच्या पंचांगात ही नगरी अशी गुपचूप नांदते आहे.

आता ती एवढीशी सावली. उज्जयिनी कर्कवृत्तावर आहे असे यात्रेकरूंना सर्रास सांगण्यात येते. ते पूर्ण खरे नाही. कर्कवृत्त आज शहराच्या उत्तरेस पाव अंशावर, पंचवीस-तीस किलोमीटर दूर आहे. म्हणून २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य किंचित उत्तरेस राहतो आणि सावलीचा एक ठिपका दक्षिणेस उरतो. सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो त्याच्या आठ-नऊ दिवस अलीकडे आणि पलीकडे. पृथ्वीचा अक्ष अत्यंत मंदगतीने सरळ होत असल्याने हे वृत्त दरवर्षी सुमारे पंधरा मीटर दक्षिणेकडे सरकते. ते या नगरीवर यावयास आणखी एकोणीस शतके तरी लागतील. जुन्या सिद्धांतांनी सूर्याची परमक्रांती चोवीस अंश धरली होती. ती त्यांच्या काळीही थोडी जास्तच होती.

आम्ही यजमानांना विचारले, ‘हे मुलांना सांगितले तर त्यांची श्रद्धा ढळणार नाही का?’ ते टॉवर चौकाकडे परतणाऱ्या रिक्षात बसले होते आणि भूक लागल्याने किंचित वैतागलेले होते. म्हणाले, ‘महाकाल म्हणजे काळाचा धनी. पंधरा मीटरही तोच सरकवतो आहे. आपण त्याच्या नावावर खोटा नकाशा का खपवायचा?’

गोमंतकात परतल्यावर आम्ही हा प्रयोग आपल्या अंगणात करून पाहण्याचे ठरविले. पणजीच्या अक्षांशावर सूर्य मे महिन्याच्या २-३ तारखेस बरोबर माथ्यावर येतो, दुपारी साडेबाराच्या सुमारास. दुसऱ्या वेळी येतो तो ऑगस्टच्या १० तारखेच्या आसपास. तुळशीवृंदावनाशेजारी हातभर काठी उभी केली. घरची मंडळी, शेजारची मुले जमली. सावली आखडली, परंतु बोटभर राहिलीच. अक्षांश पुन्हा पाहिला, तारीख पाहिली, घड्याळ पाहिले. शेवटी उज्जयिनीस दूरध्वनी केला. पलीकडून एकच प्रश्न आला: ‘काठी ओळंब्यात होती का?’

नव्हती. शेजारच्या गवंड्याकडून ओळंबा आणला तोवर सूर्य कलला होता, आणि ऑगस्टात पावसाने आकाश दिसू दिले नाही. गवंड्याने ओळंबा दोनदा मागितला. पुढच्या मेपर्यंत थांब, असे त्याला सांगितले आहे.