इंटरनेटचे जुने व नवे पत्ते

नांदुरा तालुक्यांतील वडनेर भोलजी येथें कोणी मोबाइलवर कापसाचा भाव पाहूं लागला, कीं त्या यंत्रालाहि इंटरनेटवर एक पत्ता लागतो. त्यावांचून उत्तर परत यावयाचें कोठें? 1981 सालीं ठरलेला जुना पत्ता शून्य वा एक अशा 32 अंकांचा. त्यांत सुमारें 429 कोटीच पत्ते बसतात. 2011 च्या फेब्रुवारींत जागतिक कोठारांतील शेवटचे गट वांटले गेले. मग शेंकडों गिऱ्हाइकें एकाच पत्त्यामागें बसविण्यांत येऊं लागलीं. साऱ्या गांवचें टपाल एकाच वाड्याच्या नांवें यावें आणि तेथल्या दिवाणजीनें तें वांटावें, तसा हा प्रकार. टपाल पोंचतें खरें. परंतु परगांवाहून स्वतःच्या शेतांतील कॅमेऱ्याशीं थेट संधान बांधतां येत नाहीं, आणि कोणी गुन्हा केल्यास निवळ पत्त्यावरून माणूस ओळखणें दुर्घट होतें.

नवा पत्ता 128 अंकांचा. त्याची संख्या 340 पुढें 36 शून्यें इतकी. मात्र जुनी व नवी पद्धति एकमेकींची भाषा जाणत नाहींत. म्हणून दोन्ही शेजारीं चालवाव्या लागतात, नाहींतर मध्यें दुभाषा बसवावा लागतो. 2016 सालीं सुरू झालेल्या जिओनें आरंभापासूनच नवी पद्धति घेतली. त्यामुळें खेड्यांतला साधा मोबाइलहि कित्येक शहरी कचेऱ्यांच्या पुढें गेला. जीं संकेतस्थळें अद्याप जुन्याच पत्त्यावर आहेत, त्यांच्यासाठीं दुभाष्याला रजा नाहीं.